बोटीचा वेग कोणी नेला

१. दोन शब्द

"आपल्या बोटीचा वेग कोणी चोरला?"

प्रश्न रेरेयाचा नव्हता. म्हणजे तोंड तिचं, आवाज तिचा, पण प्रश्न तिएरा आणि मकुरिता या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींचा. त्यांनी शुक्रवारी बोटीत पैज लावली होती, की हे मानेआबात, म्हणजे गावच्या सभामंडपात, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर विचारून दाखव. नाहीतर महिनाभर आमच्या वाटणीचं गवत तू काप.

गवताचं असं होतं. शाळा लगूनच्या, म्हणजे बेटाने वेढलेल्या उथळ समुद्राच्या, पलीकडच्या काठावर. गावाची बोट रोज सकाळी अकरा मुलांना तिकडे नेई. इंजिन एकोणीस वर्षांचं, पण पन्नास मिनिटांत पोचवायचं. जुलैत स्वातंत्र्यदिनाची सुट्टी झाली आणि तेव्हापासून त्याच बोटीला दीड तास लागू लागला. उशिरा येणाऱ्याला शाळेत शिक्षा एकच, हातात कोयता आणि पुढ्यात गवत. महिन्याभरात शाळेचं आवार इतकं गुळगुळीत झालं होतं, की हेडमास्तर पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला नेत.

आणि रेरेया नुकतीच शाळेच्या वादस्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून तिच्या तोंडाला लगाम उरला नव्हता. रविवारी प्रार्थनेनंतर तेबिके गाव मानेआबाच्या मोठ्या छपराखाली जमलं, तेव्हा तिला मधे बोलावून डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला गेला. गावात ज्यांचा शब्द शेवटचा ते तोआकाई आजोबा म्हणाले, "बोल बाळ, दोन शब्द."

एरवी तिथं पोरीबाळींनी चहाचे पेले फिरवायचे असतात, शब्द नव्हे. दोन शब्द म्हणजे 'आभारी आहे', हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेरेयाने ते दोन शब्द म्हटले आणि वर हा प्रश्न ठेवून दिला.

मग म्हाताऱ्यांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. इंजिन म्हातारं झालं, असं आजवर सगळे म्हणत होते. चोरी झाली, हे कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. पण एकदा 'चोर' हा शब्द पडला, की माणसं रिकाम्या हाती घरी जात नाहीत.

"पेट्रोल," तोआकाई आजोबा म्हणाले. "पेट्रोलात पाणी."

सगळ्या माना तेबोरा मावशीकडे वळल्या. गावात पेट्रोलचं पिंप तिचं एकटीचंच. दक्षिणेच्या बेटावरून लग्न होऊन आलेली, नवरा वारला तरी इथंच राहिलेली. वीस वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी ती पाहुणीच होती.

"माझ्या पिंपात पाणी?" तेबोरा मावशी म्हणाली. "पाणी मी गावाच्या बुद्धीत बघते आहे."

हे बोलायला नको होतं. पाच मिनिटांत निकाल लागला. आठवडाभर तिच्याकडून कोणी थेंब घ्यायचा नाही, पेट्रोल शेजारच्या गावातून आणायचं, आणि शनिवारी सकाळी शेवटचं काय ते ठरवायचं.

"शनिवारपर्यंत कशाला थांबता?" तेबोरा मावशी उठली. "शनिवारी दुपारचं जहाज आहेच. मी माझ्या बेटावर जाते. पिंप तुम्हीच ठेवा, पाणी प्यायला."

मागच्या रांगेत रेरेयाचे बाबा बसले होते. बोट तेच चालवत. त्यांनी मान खाली घातली. शेजारी आई चटईचा सुटलेला धागा शोधू लागली.

तेबोरा मावशी जाता जाता रेरेयासमोर थांबली. शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने फक्त मुलीच्या डोक्यावरचा वाकडा झालेला मुकुट सरळ केला आणि निघून गेली.

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

२. पहिली संशयित

"गवत आम्ही कापू," मकुरिता म्हणाली. "पण तू असं मेलेल्या माशासारखं बघू नकोस."

"मावशीचं घर मोडायला निघालं माझ्यामुळे."

"मग चोर शोध," तिएरा म्हणाली. तिला सगळंच सोपं वाटे. "वाद जिंकतेस ना? मग चोराला काय जड आहे?"

सोमवारी शाळेतून परतल्यावर रेरेया तेबोरा मावशीच्या झोपडीशी गेली. मावशी केवड्याच्या पानांच्या चटया गुंडाळून दोरीनं बांधत होती.

"आली का न्यायाधीश," ती वर न बघता म्हणाली. "ये. पिंप तिकडे आहे. पिऊन बघ हवं तर."

"पिऊन नको. बाटलीत ठेवून बघते."

आता मावशीनं वर पाहिलं.

रेरेयाने शाळेत ऐकलं होतं, की पाणी पेट्रोलपेक्षा जड. दोन्ही एका बाटलीत ठेवली तर पाणी तळाशी बसतं आणि मधे सरळ रेघ दिसते. तिने एक काचेची बाटली पिंपातून भरली, दुसरी बोटीच्या टाकीतून. दोन्ही रात्रभर हलवायच्या नाहीत, असं घरात सगळ्यांना बजावलं. सकाळी बघितलं, तर तळापासून वरपर्यंत एकच रंग. रेघ नाही, थेंब नाही.

शाळेआधी ती धावतच तोआकाई आजोबांकडे गेली. ते नारळाच्या झाडावरून नुकतेच नीरा काढून उतरले होते. त्यांनी बाटली उन्हात धरली, हुंगली, परत दिली.

"पाणी दिसत नाही," ते म्हणाले.

"तेच तर."

"म्हणजे बाईनं फार चांगलं मिसळलंय."

रेरेयाने बाटली पुन्हा उन्हात धरून पाहिली. वादस्पर्धेत असला माणूस समोर आला नव्हता.

"आणि आजोबा, कालपासून तर शेजारच्या गावाचं पेट्रोल घातलंय. तरी बोट तशीच."

"जुनं पाणी इंजिनच्या पोटात आहे. निघायला आठवडा लागतो. माझ्या पोटाचंही तसंच आहे." एवढं बोलून त्यांनी नीरेचा पेला तोंडाला लावला.

बाटली पुरेशी नव्हती, हे तिला कळून चुकलं. मावशी निर्दोष आहे एवढं सांगून काही होणार नव्हतं. दोषी कोण, ते हातात धरून दाखवावं लागणार होतं.

ही बाटल्यांची गोष्ट तिने मावशीला सांगितली, तेव्हा मावशी एक वेगळंच बोलली. "पाणी असतं तर इंजिन खोकलं असतं, बंद पडलं असतं. तुझ्या बापाचं इंजिन तर पूर्वीपेक्षा जास्त पितंय. आधी एका डब्यात जाऊन यायचा, आता दीड डबा लागतो. आजारी माणूस दीडपट जेवतो का गं?"

३. मोठ्यानं बोला

दुसरे संशयित काइतू आजोबा. इंजिनाला शेवटचा हात त्यांनी लावला होता, जूनमध्ये. चाळीस वर्षं उघड्या इंजिनांशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अर्ध्या गावाशी बोलणं.

"आजोबा, तुम्ही काही बिघडवलंत का?" रेरेया ओरडली. पलीकडच्या तीन झोपड्यांतून माणसं बाहेर आली.

"मी?" काइतू आजोबा दुखावले. "चल दाखवतो."

बुधवारी दुपारी ते दोघं कमरेइतक्या पाण्यात बोटीशी उभे राहिले. बाबाही होते. काइतू आजोबांनी इंजिनचं टोपण काढलं. बाबांनी मूठ पिळली तशी आतली झडप पार शेवटपर्यंत उघडली, कुठे अडकली नाही. मग इंजिन चालू करून त्यांनी एका प्लगची वायर काढली. इंजिन लंगडलं. ती लावली, दुसरी काढली, तेव्हाही तसंच लंगडलं.

"दोन्ही बाजू काम करतात," काइतू आजोबा म्हणाले. "एखादी मेलेली असती, तर तिची वायर काढून काही फरक पडला नसता. आणि प्लग बघ. लग्नातल्या चमच्यासारखे लखलखीत."

प्लग लखलखीत असणारच. बाबा गेला महिनाभर रोज संध्याकाळी ते घासत होते. त्यांनी कार्ब्युरेटर चार वेळा धुतला होता, पेट्रोलची नळी बदलली होती, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू दहादा तपासला होता. इतकं कष्टाळू माणूस गावात दुसरं नव्हतं.

"आता इंजिन वर उचल, बाउरो," काइतू आजोबा म्हणाले. "खालची बाजू बघू."

"खाली काही नाही काका," बाबा पटकन म्हणाले.

"अरे पण बघायला काय जातं?"

"भरती यायला लागली. उद्या बघू."

काइतू आजोबा परत जाताना रेरेयाच्या कानात, म्हणजे सगळ्या किनाऱ्याला ऐकू येईल असं, म्हणाले, "तिसऱ्यांदा हेच सांगतोय तुझा बाप. महिन्यात तीनदा विचारलं, तिन्ही वेळा भरती."

रेरेयाने पाण्याकडे पाहिलं. ते कमरेवरून मांडीपर्यंत उतरलं होतं.

४. जड गायकवृंद

तिसऱ्या संशयित रोतिया काकू, चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख. दर गुरुवारी संध्याकाळी चौदा बायका पलीकडच्या चर्चमध्ये तालमीला जात, त्याच बोटीने. गावातल्या पुरुषांचं मत होतं की बोट नव्हे, गायकवृंद जड झालाय.

"कोण म्हणालं?" रोतिया काकूंनी विचारलं. त्या किसलेल्या खोबऱ्यात अळूचा कंद कुस्करत होत्या, आणि कुस्करण्याचा जोर एकदम वाढला.

"सगळेच."

"आम्ही गुरुवारी जातो. बोट सोमवारी का रखडते? सोमवारी कोण बसतं तिच्यात, आमचे आत्मे?"

रेरेया हसली. ती उठणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आणि उलट नुकसान माझंच झालंय. तुझ्या बापाच्या इंजिनने माझ्या मुली बेसूर केल्या."

"इंजिनने?"

"मला पेटी कोण देणार? एकोणीस वर्षं मी सूर लावून घेते तो तुझ्या बापाच्या इंजिनवरून. मधल्या लगूनमध्ये तो मूठ पूर्ण पिळतो तेव्हा एक सूर लागतो, सरळ, न हलणारा. तो पकडायचा आणि 'चला बायांनो'. आणि आता महिनाभर काय चाललंय? तोच माणूस, तीच मूठ, आणि सूर दीड पट्टी वर. वरच्या आवाजाच्या मुलींचे गळे बसले. नेई बुराताला तर गेल्या गुरुवारी नुसती हवाच येत होती."

रेरेया पुन्हा खाली बसली. "वर? काकू, नक्की वर? खाली नाही?"

"पोरी, मला विचारतेस?"

काइतू आजोबांनी इंजिनात सगळं पाहिलं, पण ऐकायला त्यांना येत नव्हतं. रोतिया काकूंना इंजिनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकू येत होतं. रेरेया केवड्याच्या झाडाखाली बसून वाळूत काडीने रेघा ओढू लागली. सूर वर, म्हणजे इंजिन आधीपेक्षा जोरात फिरतंय. म्हणून तर ते दीडपट पितंय. म्हातारं नाही झालं, आजारी नाही, उलट जीव तोडून पळतंय. आणि बोट मात्र मागे.

इंजिन जोरात, बोट हळू. दोघांच्या मधे असतं काय?

तिच्या हातातली काडी थांबली. दोघांच्या मधे फक्त एक वस्तू असते. तीच, जी बघायची म्हटलं की बाबांच्या लगूनला भरती येते.

५. दहा

शुक्रवारी शाळा अर्धा दिवस होती. दुपारी ओहोटीला बोट ओल्या वाळूवर आडवी पडली होती आणि इंजिन वर कललेलं. बाबा मासे आणायला गेले होते. रेरेया इंजिनच्या खालच्या टोकाशी, पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्यासमोर उकिडवी बसली.

तीन पाती. वाकलेलं काही नाही, तुटलेलं काही नाही. पण इंजिनच्या सगळ्या अंगावरचा रंग सोलून गेलेला असताना हा पंखा मात्र काळाकुळकुळीत, नवा रंगवलेला. रोज वाळूत घासणाऱ्या पंख्याला रंग कोण देतं? ज्याला काहीतरी झाकायचंय तो.

तिने शिंपला घेतला आणि मधला गोल भाग खरवडला. रंगाखालून एक आकडा निघाला. दहा.

ती काइतू आजोबांकडे धावली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "पंख्यावरचा आकडा म्हणजे काय?"

"एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जायला बघतो, तो आकडा. आपल्या बोटीचा तेरा. मीच बसवलाय."

"आणि दहा असला तर?"

"तर लहान पावलांचा माणूस. कितीही भराभर पाय टाकले तरी मागेच. पण ओझं उचलायला बरा. सिमेंट, वाळू वाहणाऱ्या बोटीला दहा लावतात. का गं?"

रेरेया तशीच पुन्हा किनाऱ्याकडे वळली. ती वाळूत उभी राहून विचार करत होती, आणि तिला चोराचा स्वभाव दिसायला लागला होता. साधा चोर पंखा नेतो आणि पळतो. या चोराने एक नेला आणि त्याच्या जागी दुसरा, चांगला, नीट पिन घालून बसवला. इतका सभ्य चोर गावाबाहेरचा नसतो. तो घरातला असतो.

आणि लगूनमध्ये ओझं वाहणारी बोट होतीच किती? एकच. तेइवाकी मामाची. आईचा धाकटा भाऊ. रोज सकाळी तो वाटेत भेटायचा, सिमेंटच्या गोण्यांनी लादलेली त्याची बोट नाक वर करून, काळा धूर सोडत, कण्हत चाललेली. दोन्ही बोटी रखडत शेजारून जायच्या, आणि मामा हात हलवायचा. बाबा हात हलवायचे. हसायचं मात्र दोघांपैकी कोणी नाही. रेरेयाला वाटायचं, दोघं भांडलेत.

मामाचं घर वाडीच्या टोकाला. तो बोटीखाली सावलीत पडला होता.

"मामा, तुमच्या पंख्यावर आकडा काय आहे?"

मामा उठून बसला. मग त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला, की शेजारची कोंबडी पळाली.

"देवा, कोणीतरी विचारलं एकदाचं," तो म्हणाला.

सगळं बाहेर आलं. स्वातंत्र्यदिनाला बोटींची शर्यत होती. मामाची बोट रिकामी असली तरी दहाच्या पंख्यावर कासव. आदल्या दिवशी रेरेयाचे बाबा एका मयताला दुसऱ्या बेटावर गेले होते. मामा आला आणि बहिणीला म्हणाला, ताई, बोटीचा पंखा दे. बुबूती केली, म्हणजे आपलेपणाच्या हक्कानं मागितला. सख्ख्या माणसाने बुबूती केली की नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर पुढे तोंड कुठे दाखवायचं? आईनं दिला. पंखा तो पंखा, तीन पाती इथं, तीन पाती तिथं. मामाने आपला पंखा तिथं बसवून दिला, म्हणजे ताईचं नुकसान नको.

"शर्यत जिंकलात?"

"दुसरा आलो. तांदळाची गोण मिळाली. आणि दुसऱ्या दिवसापासून हे." त्याने बोटीकडे हात केला. "गोण्या भरल्या की पाण्यातून वरच येत नाही. इंजिन रडतं. एका फेरीच्या जागी दोन करतो."

"मग परत का नाही दिलात?"

मामा दचकला. "बुबूतीनं मिळालेली वस्तू परत? ताईच्या तोंडावर फेकल्यासारखं नाही का ते? वाटलं, ती मागेल. तिला वाटलं असेल, भावाकडे कशी मागू. आणि त्यातून ती वस्तू गावाची, तिची नव्हेच. म्हणजे बोलायचीही सोय नाही."

पाच आठवडे लगूनमध्ये दोन बोटी एकमेकींचे पंखे लावून रखडत होत्या, आणि दोन्ही बाजूंचे लोक सभ्यपणे हात हलवत होते. रेरेयाला हसावं की डोकं आपटावं कळेना.

मग ती ताठ उभी राहिली, शाळेच्या गणवेशाची चुणी सरळ केली आणि म्हणाली, "मामा, मी बुबूती करते. तुमच्या बोटीचा पंखा मला द्या."

मामा खो खो हसत सुटला. डोळे पुसत पुसत त्याने पान्हा घेतला, पिन काढली, नट सोडवला. "घे. नाही म्हणता येत नाही ना. आणि आता मी तुझ्याकडे बुबूती करतो, तुमच्या बोटीवरचा दे."

"सोडवला की आणून देते," रेरेया म्हणाली.

६. ताटाशेजारी

सूर्य पाण्याला टेकला होता. आईनं चटईवर भात, भाजलेले मासे आणि नीरेचा पाक मांडला होता. रेरेयाने तेराचा पंखा ताटांच्या मधोमध ठेवला.

बाहेर कोणीतरी झाडावर नीरा काढताना गात होतं.

"मी दिला होता," आई म्हणाली.

"मी दिला होता," बाबा त्याच वेळी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही कुठे दिलात? तुम्ही तर मयताला गेला होतात."

"मग तू दिलास हे मला काय माहीत नव्हतं?" बाबा म्हणाले. "आल्या दिवशीच कळलं. मूठ पिळली आणि कळलं. आकडा बघितला आणि रंगवून टाकला. तेइवाकीची बोट समोरून येत होती, काळा धूर सोडत. सांगायला काय लागतं मला?"

आईचा हात तोंडाकडे गेला. "आणि महिनाभर रोज प्लग घासताय?"

"काहीतरी करताना दिसायला नको? गाव विचारतं, बाउरो, बघितलंस का. मग मी बघतो."

"मला वाटलं तुम्हाला कळतच नाहीये. रात्री मी रडायचे, की माझ्यामुळे या माणसाच्या हाताच्या बोटांवरची कातडी गेली."

"मला वाटलं, मी विचारलं तर तुला लाज वाटेल."

रेरेया मासा चावत दोघांकडे आळीपाळीने बघत होती. एवढं प्रेम बघायला चांगलंच होतं. पण त्याची किंमत तिसरी बाई देत होती, तिकडे चटया बांधत.

बाबांनी पंखा उचलला, हातात तोलला. चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा झाला. "झालं तर मग. आता ओहोटी आहे तोवर बसवून टाकतो. सकाळी बोट सुसाट. म्हातारे खूश. कोणाचं नाव नाही, कोणाची लाज नाही. चार दिवसांत सगळे विसरतील."

"आणि बोट कोणाच्या पेट्रोलवर सुसाट जाईल, बाबा?" रेरेयाने विचारलं.

"शेजारच्या गावाच्या. तेच भरलंय टाकीत."

"म्हणजे उद्या सकाळी तोआकाई आजोबा काय म्हणतील? आठवडाभर तेबोरा मावशीचं पेट्रोल बंद केलं, आणि बघा, जुनं पाणी निघालं, वेग परत आला. पुरावाच मिळाला. गुपचूप पंखा बसवलात तर मावशी चोर ठरते, बाबा. आत्तापर्यंत नुसता संशय होता. मग तिला दुपारच्या जहाजावर चढवायला सगळं गाव जाईल, आणि तिचं पिंप गडगडत मागे नेतील."

बाबांचा हात पंख्यावरच राहिला. आईनं भाताकडे पाहिलं, जणू उत्तर त्यात सांडलं होतं.

"मानेआबात सांगितलं तर दंड होईल," आई हळूच म्हणाली. "गावाची वस्तू दिली म्हणून. डुक्कर मागतील."

"मागू देत."

"बोट काढून घेतील यांच्याकडून."

"कदाचित," रेरेया म्हणाली. बाबांशिवाय ती बोट तिने कधी पाहिलीच नव्हती. "कदाचित नाही घेणार. पण मावशीचं जहाज नक्की उद्या दुपारी आहे. त्यात कदाचित नाही."

"तू लहान आहेस," बाबा म्हणाले. "मानेआबात पोरी दुसऱ्यांदा उठून बोलत नाहीत."

"पहिल्यांदा उठले तेव्हा एका बाईवर आळ आला. तेव्हा नाही कोणी म्हणालं, लहान आहेस."

रेरेयाने बाबांच्या हातातून पंखा सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. तो चांगलाच जड होता.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "हा पंखा आज बोटीला लागणार नाही. उद्या सकाळी मी तो मानेआबात घेऊन जाणार, मधोमध ठेवणार, आणि कोणी मागितला, कोणी दिला, कोणी रंगवला, सगळं नावांसकट सांगणार. तुम्ही दोघं माझ्याआधी उठून बोललात, तर मी बसून राहीन, एक शब्द बोलणार नाही. तेवढी सवलत आहे. आता मला मीठ द्या."